निर्यातीचे अनुदान आणि भंडारदऱ्याचे पाणी

आपला शेतमाल परदेशी जावा व त्याचे चार पैसे देशात यावेत, ही इच्छा कोणत्या देशहितेच्छूस नसेल? त्या कामी सरकारने हात सैल सोडला तर आमची तक्रार नाही. आमचा प्रश्न एवढाच की, रयतेच्या करातून जमलेला हा पैसा कोणत्या मालावर व कशासाठी खर्च होतो? अकोले तालुक्यातील भंडारदऱ्याच्या काठी उभे राहिले म्हणजे या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येते.

1910 साली आरंभिलेले हे धरण 1926 साली पुरे झाले. प्रवरेचे सुमारे 11 अब्ज घनफूट पाणी त्यात अडते. कालव्यांनी ते खाली गेले आणि अवर्षणाच्या मुलखात ऊस उभा राहिला. त्याच प्रवराकाठी विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने 1950 साली लोणीचा सहकारी साखर कारखाना चालू झाला. तो पराक्रम कोणी नाकारणार नाही.

पुढे साखर उदंड झाली. डिसेंबर 2020 मध्ये केंद्र सरकारने 60 लाख टन साखर परदेशी पाठविण्यासाठी टनामागे 6,000 रुपयांपर्यंत, एकूण सुमारे 3,500 कोटी रुपये मंजूर केले. एक किलो साखरेमागे निदान दीड हजार लिटर पाणी लागते, असा सर्वसाधारण अंदाज आहे. हिशेब वाचकांनीच करून पाहावा: 60 लाख टन साखर म्हणजे काठोकाठ भरलेली सुमारे 29 भंडारदरा धरणे! ते सारे पाणी प्रवरेचे नव्हे, त्यात पावसाचाही वाटा आहे, हे खरे. तथापि पाणी द्यावयाचे आणि वर दक्षिणाही द्यावयाची, असा हा व्यापार झाला.

कोणी म्हणेल, ती रक्कम उसाच्या थकबाकीपोटी शेतकऱ्याच्याच खात्यात जमा व्हावयाची होती. मान्य. परंतु थकबाकी फेडणे निराळे व परदेशी पेठ मिळविणे निराळे. शेतमालाची निर्यात अनुदाने बंद करण्याचे जागतिक व्यापार संघटनेच्या नैरोबी परिषदेत 2015 सालीच ठरले. आपल्या साखरेच्या पूर्वीच्या अनुदानांविरुद्ध ब्राझील, ऑस्ट्रेलिया व ग्वाटेमाला यांनी केलेल्या फिर्यादीचा निकाल डिसेंबर 2021 मध्ये आपल्याविरुद्ध गेला. त्यावर आपण अपील केले, परंतु ते ऐकणारे न्यायपीठच रिकामे! आणि जून 2022 पासून सरकारनेच साखरेच्या निर्यातीस मर्यादा घातली. दाम मोजून उघडलेले दार आपल्याच हाताने लोटून घेतले.

मग पैसा कोठे घालावा? 2010 साली आपली द्राक्षे औषधाच्या अंशामुळे युरोपात अडली, तेव्हा टनामागचे अनुदान त्यांस सोडविते काय? तेथे तपासणीच कामी येते. प्रयोगशाळा, शीतगृहे, प्रतवारी व रस्ते यांवरील खर्च हंगाम सरला तरी उरतो आणि जागतिक नियमांसही बाधत नाही.

या खर्चात धरणाच्या वरच्या अंगाच्या वाड्यांस पहिला वाटा मिळाला पाहिजे. तेथील महादेव कोळी बांधव भात, नागली व वरई पिकवितात आणि हिरडा गोळा करितात. हिरड्यास पाटाचे पाणी लागत नाही व त्यास परदेशी गिऱ्हाईकही आहे. त्यांस वाळवणाचे ओटे, गोदाम व निवडलेल्या मालाचा रास्त भाव मिळवून देणे, यास साखरेच्या मानाने कितीसा पैसा लागणार?

अनुदान बंद करा, असे आमचे म्हणणे नाही. ते मालाचा दर्जा वाढविण्यास द्या, पाणी परदेशी घालविण्यास नको. नगरच्या व्यापारी मंडळींनी व लोकप्रतिनिधींनी हा आग्रह आजच धरला पाहिजे. आटलेले धरण ठरावांनी भरत नाही.