तरहीलमधून मुखत्यारपत्र : आधी तिकडचा कागद करा

कोकणात महाड, श्रीवर्धन, खेड, चिपळूणकडे आणि इकडे मुंबई-भिवंडीत असा मोहल्ला क्वचितच सापडेल, की ज्यातील कोणी ना कोणी आखाती देशात कामाला नाही. त्यांच्या कमाईवर इकडे घरे उभी राहिली, दुकाने निघाली, कोणी दोन-चार यंत्रमाग बसवले. परंतु या कमाईच्या वाटेवर एक दरवाजा असा आहे की त्याचा विचार कोणी आगाऊ करीत नाही. तो दरवाजा म्हणजे तरहील. मायदेशी परत पाठवण्यापूर्वी माणसाला ज्या कोठडीत ठेवतात तिला आखातातील आपली माणसे याच नावाने ओळखतात.

तेथे पोहोचणारा प्रत्येक जण गुन्हेगार असतो असे मुळीच नाही. कोणाच्या इकाम्याची मुदत मालकाने वाढवलेली नसते. कोणावर कफीलने ‘हुरूब’, म्हणजे काम सोडून पळाल्याची नोंद केलेली असते. सौदी अरबस्तानात २०१३ साली निताकातच्या वेळी आणि २०१७ च्या ९० दिवसांच्या माफीनंतर तपासणी कडक झाली. संयुक्त अरब अमिरातीने २०१८ आणि २०२४ साली माफीची मुदत दिली होती. अशी प्रत्येक मुदत संपली की धरपकड वाढते आणि आमच्यासारख्या दुकानदारांच्या गादीवर एकच प्रश्न येतो, “शेठ, पोरगा आत आहे. त्याच्याकडून पॉवर मागवू का?”

आमचे उत्तर असे, की जरूर मागवा. पण कोणती, हे आधी ठरवा. अशा वेळी कागद एक नसून दोन असतात. एक तिकडच्या कामासाठी आणि दुसरा इकडच्या कामासाठी. बहुतेक घरी इकडच्या कागदाची घाई होते आणि तिकडचा राहून जातो. वास्तविक क्रम उलटा पाहिजे.

कारण साधे आहे

ज्याची परत पाठवणी होणार आहे तो माणूस आज ना उद्या मुंबईच्या विमानतळावर उतरणारच आहे. इकडचे घर, जमीन, दुकान, उधारी या सर्वांवर तो स्वतः येऊन सही करू शकतो. पण एकदा विमान सुटले की तिकडे परत जाणे त्याच्या हाती राहत नाही. बोटांचे ठसे घेतलेले असतात आणि परत येण्यावर बंदी घातली जाते. मागे राहिलेला पगार, नोकरीच्या अखेरचा हिशेब, मोटार, खोलीची अनामत रक्कम हे सर्व मग दुसऱ्याच्याच हाताने वसूल व्हायचे असते. त्या दुसऱ्याच्या हातात कागद नसेल तर ते बुडाले असे समजावे.

आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा धाकटा भाऊ जेद्दात एका दुकानी नऊ वर्षे नोकरीला होता. मालकाने इकामा वाढवला नाही आणि तो पकडला गेला. घरच्यांनी काय केले? गावच्या घराच्या वाटणीसाठी त्याच्याकडून कुलमुखत्यारपत्र मागवले. आठ दिवस त्या कागदामागे गेले. दहाव्या दिवशी भाऊ स्वतःच घरी हजर. जो कागद येथे दुय्यम निबंधकापुढे एका दिवसात झाला असता, त्यासाठी आठ दिवस दिले. नऊ वर्षांच्या हिशेबाचा कागद मात्र कोणी केलाच नाही.

तो हिशेब किती होता हेही पाहावे. सौदी कामगार कायद्याच्या ८४ व्या कलमाप्रमाणे नोकरी संपताना पहिल्या पाच वर्षांचा दरवर्षी अर्ध्या महिन्याचा आणि त्यापुढे दरवर्षी एका महिन्याचा पगार मिळतो. म्हणजे नऊ वर्षांचे अडीच आणि चार मिळून साडेसहा महिने. पगार दोन हजार रियाल धरला तर तेरा हजार रियाल. राजीनामा दिला तर दहा वर्षांच्या आतील नोकरीला ही रक्कम कमी होते आणि गैरहजेरीच्या कारणाने काढले तर नाकारलीही जाऊ शकते. म्हणूनच हुरूबची नोंद खोटी असेल तर तिच्याविरुद्ध तक्रार वेळीच झाली पाहिजे. त्यातही नोकरी संपल्यापासून बारा महिन्यांनंतर कामगार न्यायालय तक्रार घेत नाही. परत आलेल्या माणसाने घरी बसून वर्ष घालवले तर हक्क असून नसल्यासारखा होतो.

कोठडीत केलेला कागद चालतो काय?

पुष्कळांची समजूत अशी की आत असलेल्या माणसाच्या सहीला किंमत नसते. ही समजूत चुकीची आहे. कोठडीत गेल्याने माणसाचा मालमत्तेवरील हक्क जात नाही. आपल्या १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या ३३ व्या कलमातच लिहिले आहे, की तुरुंगात असलेल्या इसमाला मुखत्यारपत्रासाठी नोंदणी कार्यालयात हजर राहण्याची जरुरी नाही. अधिकारी स्वतः तुरुंगात जाऊन त्याची विचारपूस करू शकतो. कागद त्याने आपल्या खुशीने केला आहे, एवढी खात्री मात्र त्या अधिकाऱ्याला पटली पाहिजे.

परदेशातील कैद्यासाठी १९६३ चा व्हिएन्ना करार आहे. त्याच्या ३६ व्या कलमान्वये अटक झालेल्या परदेशी माणसाला आपल्या वकिलातीशी संपर्क साधण्याचा हक्क आहे आणि वकिलातीच्या अधिकाऱ्यांना त्याला कोठडीत भेटण्याचा हक्क आहे. रियाधची वकिलात आणि जेद्दाचे वाणिज्य दूतावास यांची माणसे तुरुंगांना आणि तरहीलला भेटी देत असतात. घरच्यांनी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या २०१५ पासून चालू असलेल्या सोयीवर तक्रार नोंदवावी. तीत पासपोर्ट क्रमांक, इकामा क्रमांक, कोणत्या कोठडीत आहे आणि मुखत्यारपत्रावर सही करावयाची आहे, हे स्पष्ट लिहावे. नुसते “आमच्या माणसाला सोडवा” असे लिहिल्याने सहीचे काम होत नाही.

तिकडच्या कागदाची भाषा

आपल्या उर्दू शाळांत शिकलेल्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. अरबी लिपी वाचता येते म्हणजे अरबी कागद समजतो असे नाही. उलट ओळखीचे शब्दच फसवतात. मराठीत वकील म्हणजे कोर्टात उभा राहणारा. अरबी कागदात ‘वकील’ म्हणजे ज्याला मुखत्यार नेमले तो, मग तो खोलीतला सोबती का असेना. मुखत्यारपत्राला तेथे ‘वकाला’ म्हणतात. ‘तनाजुल’ हा शब्द उर्दूत उतरणीच्या अर्थाने येतो. अरबी कागदात त्याचा अर्थ हक्क सोडून देणे. आणि ‘मुखालसा’ म्हणजे सर्व हिशेब मिळाला, आता काही येणे नाही अशी पावती. तिकीट हातात देताना मालकाचा माणूस हाच कागद पुढे करतो. वर सांगितलेल्या भावानेही “बाहेर जाण्याचा कागद” समजून त्यावर अंगठा दिला होता.

म्हणून कोणत्याही अरबी कागदावर सही करण्यापूर्वी वकाला, तनाजुल आणि मुखालसा हे तीन शब्द शोधावेत आणि दूतावासाच्या माणसाकडून अर्थ विचारून घ्यावा. कोऱ्या कागदावर सही कदापि करू नये, मागणारा सख्खा भाऊ असला तरी.

वकाला कोणाच्या नावाने करावा? ज्याचा इकामा चालू आहे, जो त्याच शहरात राहतो आणि जो त्याच मालकाकडे नोकरीला नाही, अशा माणसाच्या नावाने. मालकाचा नोकर मालकाविरुद्ध तक्रार कशी चालवणार? कागदात कामे मोजून लिहावीत. कामगार कार्यालयात व न्यायालयात तक्रार चालवणे, ठरावीक महिन्यांचा पगार व अखेरची रक्कम घेणे, ती अमुक बँक खात्यात पाठवणे. तडजोड करण्याचा अधिकार द्यायचा तर कमीत कमी कोणत्या रकमेवर, हेही लिहावे.

येथे एक कडू गोष्ट सांगणे भाग आहे. पुष्कळांची तिकडची दुकानदारी कफीलच्या नावावर असते. सौदीत त्याला ‘तसत्तुर’ म्हणतात, तो गुन्हा आहे आणि २०२० च्या नव्या कायद्याने त्याची शिक्षा कडक केली आहे. असा व्यवहार मुखत्यारपत्राने कायदेशीर होत नाही. तेथील जाणकार वकिलाला विचारल्याशिवाय त्याबाबत एक ओळही लिहून देऊ नये.

इतर आखाती देशांत कलमे वेगळी आहेत, मुदती वेगळ्या आहेत. पण आधी तिकडचा कागद, हा क्रम सगळीकडे तोच.

इकडचा कागद कधी थांबू शकत नाही

सुटका कधी होईल याचा भरवसा नसतो आणि इकडची काही कामे वाट पाहत नाहीत. व्यापाऱ्याने प्रथम चेक पाहावा. परत आलेल्या चेकबद्दल बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, मग समोरच्याला पैसे भरायला १५ दिवस आणि त्यानंतर एका महिन्यात फिर्याद, असे चलनक्षम दस्तऐवज कायद्याचे वेळापत्रक आहे. मुखत्याराला ही फिर्याद करता येते. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ए. सी. नारायणन खटल्यात सांगितले, की साक्ष द्यायची तर त्या व्यवहाराची त्याला स्वतःला माहिती असली पाहिजे. तेव्हा मुखत्यार पेढीवर बसणारा निवडावा, नुसता नात्याने जवळचा नव्हे.

तसेच उधारीच्या दाव्याची तीन वर्षांची मुदत धनी परदेशात कोठडीत आहे म्हणून थांबत नाही. तिसरी गोष्ट हुंडीची. त्याच चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या २७ व्या कलमाप्रमाणे धंदा चालवण्याचा आणि देणी-घेणी भागवण्याचा सर्वसाधारण अधिकार दिला, तरी विनिमयपत्र स्वीकारण्याचा किंवा त्यावर बेचन करण्याचा अधिकार त्यात येत नाही. तो वेगळा लिहावा लागतो.

अशा कामांसाठी कागद भारतीय दूतावासाच्या अधिकाऱ्यापुढे सही होऊन, त्याच्या शिक्क्यानिशी यावा. नोंदणी कायदा असा कागद मान्य करतो आणि १९४८ च्या कायद्याने दूतावासाच्या अधिकाऱ्याला नोटरीचे काम करण्याचा अधिकार दिलेला आहे. पासपोर्ट कफीलकडे अडकला असेल तर त्याची झेरॉक्स आणि वकिलातीने दिलेला परतीचा दाखला ओळखीला उपयोगी पडतो. कागद महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर येथील मुद्रांक शुल्क भरावे. पाकीट आल्याची तारीख टिपून ठेवावी.

आम की खास?

उर्दूत मुख्तारनामा-ए-आम आणि मुख्तारनामा-ए-खास असे दोन प्रकार आपण वाचत आलो. मराठीतले कुलमुखत्यारपत्र म्हणजे आम. कोठडीतून द्यायचा तो कागद खासच असावा असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. आतला माणूस घाबरलेला असतो, वेळ थोडा असतो, विचारायला कोणी नसते. अशा वेळी सर्व अधिकार लिहून देणे म्हणजे कापडाचा सबंध तागा न मोजता सोडून देणे होय. एक फिर्याद, एक खाते, एक भाडेकरू. जेवढे काम तेवढाच कागद आणि त्यावर शेवटची तारीख.

घर किंवा जमीन विकण्याचा अधिकार तर कोठडीतून देऊच नये. विक्रीसाठी माणूस परत येईपर्यंत थांबता येते. नुसत्या मुखत्यारपत्रावर घर घेणाऱ्यांनीही सावध असावे. सूरज लॅम्प खटल्यात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे, की अशा कागदाने मालकी बदलत नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागते.

घरी आल्यावर

माणूस परतला की पहिल्या आठवड्यात दोन कामे करावीत. इकडच्या मुखत्याराकडून हिशेब घेऊन मुखत्यारपत्र लेखी रद्द करावे आणि बँक, भाडेकरू, देणेकरी या सर्वांना तसे कळवावे. कारण करार कायद्याप्रमाणे ज्याला रद्द झाल्याचे ठाऊकच नाही, त्याच्याशी मुखत्याराने केलेला व्यवहार धन्याला बांधतो. तिकडचा वकाला मात्र वसुली होईपर्यंत चालू ठेवावा आणि तिकडच्या माणसाला दरमहा फोन करून तक्रार कुठवर आली ते विचारावे.

ज्यांची मुले, भाऊ आज तिकडे सुखरूप कामाला आहेत त्यांनी एवढे करावे. ते पुढच्या सुटीत येतील तेव्हा इकडच्या कामापुरते खास मुखत्यारपत्र दुय्यम निबंधकापुढे करून ठेवावे. नोकरीचा करार, पगाराच्या पावत्या, पासपोर्ट आणि इकामा यांच्या प्रती घरी जपून ठेवाव्यात. आणि तिकडे वकाला करायची वेळ आली तर तो कोणाच्या नावाने करायचा, ते नाव आजच ठरवून त्या माणसालाही सांगून ठेवावे. कोठडीतून घरी फोन लागला तर बोलायला फार वेळ मिळत नाही. त्या थोड्या वेळात एक नाव सांगता येते. नऊ वर्षांचा हिशेब सांगता येत नाही.