निधीचा हप्ता आणि आयकर

समजा, पाथर्डीच्या एका शिक्षिकेने नगरमधल्या सावेडीत घरासाठी भविष्य निर्वाह निधीतून अग्रिम उचलला. 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी राज्याच्या सेवेत आलेल्या कर्मचाऱ्यांना हा निधी लागू आहे. ‘नापरतावा’ रक्कम परत करावी लागत नाही. ‘परतावा’ अग्रिम पगारातून हप्त्यांनी फिटतो. उचललेले पैसे तुमचीच बचत असल्याने ते उत्पन्नात धरायचे नाहीत.

घोळ होतो तो परतफेडीत. दरमहा वर्गणी 10,000 आणि हप्ता 5,000 रुपये असेल, तर वर्षाला 1,80,000 रुपये कापले जातात. पण जुन्या करप्रणालीत 80-सी म्हणून परिचित असलेल्या, दीड लाखाची मर्यादा असलेल्या वजावटीत फक्त 1,20,000 रुपयांची वर्गणी बसते. कारण हप्ता ही नवी बचत नव्हे. ते पैसे पहिल्यांदा निधीत गेले तेव्हाच त्यांची वजावट मिळालेली असते. बँकेच्या गृहकर्जाची मुद्दल मात्र याच मर्यादेत धरता येते. नव्या करप्रणालीत ही वजावटच नाही.

म्हणून विवरणपत्र भरण्यापूर्वी वेतनचिठ्ठीतले वर्गणी आणि अग्रिम वसुली हे दोन रकाने फॉर्म 16 शी जरूर ताडून पाहा. चुकीच्या वजावटीमुळे वाचलेला कर पुढे व्याजासह भरावा लागू शकतो.