हॅलो, कोण बोलतंय?

टेलिफोन उचलला की आपण पहिल्याप्रथम विचारतो, "हॅलो, कोण बोलतंय?" नाव कळले, आवाज ओळखीचा वाटला, म्हणजे मग पुढच्या गोष्टी. तुमच्याआमच्या घरातला संगणक आणि खिशातला मोबाइल हेही दिवसभर कुणाशी ना कुणाशी बोलतच असतात. त्यांच्या बोलण्याचेही रीतसर संकेत ठरलेले आहेत. त्यांना प्रोटोकॉल म्हणतात. गंमत अशी, की ज्या विद्वानांनी हे संकेत बांधले त्यांनी नमस्कार-चमत्काराची सारी व्यवस्था केली, पण "कोण बोलतंय?" ह्या प्रश्नाच्या उत्तराची खातरजमा कशी करावी, हे मात्र बरीच वर्षे कुणी पाहिलेच नाही.

त्यांचा दोष नव्हता. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेतील संगणकाला पहिला निरोप धाडण्यात आला. 'लॉगिन' हा शब्द पाठवायचा होता. 'एल' आणि 'ओ' ही दोन अक्षरे गेली आणि पलीकडचा संगणक कोसळला! अशा काळी त्या जाळ्यावर होती ती मूठभर विद्यापीठे नि प्रयोगशाळा. माणसे एकमेकांच्या ओळखीची. आपल्या जुन्या चाळीत दिवसा कोण दाराला कडी लावीत असे?

पुढे व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान ह्या दोघांनी १९७४ साली एका संकेताची आखणी मांडली आणि १ जानेवारी १९८३ रोजी ते सारे जाळे त्याच्या सुधारलेल्या रूपावर आले. तोच आजचा टीसीपी-आयपी. आयपीचे काम पत्ता वाचून पुढे ढकलण्याचे, टपाल खात्यासारखे. टीसीपीचे काम पोचपावतीचे. लांबलचक मजकुराचे लहान लहान तुकडे करायचे (एका तुकड्यात साधारण दीड हजार अक्षरे), त्यांवर क्रमांक घालायचे आणि जो पोचल्याची पावती येणार नाही तो पुन्हा पाठवायचा. म्हणून तर तुमचा फोटो इकडून तिकडे जाताना त्यातला एखादा काका गळत नाही. परदेशातल्या नातवाशी समोरासमोर बोलताना मात्र बहुधा यूडीपी नावाचा दुसरा संकेत वापरतात. तो पावतीची वाट पाहत नाही. हरवलेला शब्द चार सेकंदांनी येऊन करायचा काय? तेवढ्यात पोरगे खेळायला पळालेले असते.

१९८६ साली एक विलक्षण प्रकार घडला. बर्कले येथील प्रयोगशाळा आणि तिथलेच विद्यापीठ, अंतर अवघे चारशे यार्ड. त्यांच्यामधला वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून एकदम ४० बिटांवर घसरला! पावती आली नाही म्हणून प्रत्येकजण तेच तुकडे पुन्हा पुन्हा रेटीत होता आणि कोंडी वाढत होती. व्हॅन जेकबसन ह्या शास्त्रज्ञाने त्यावर उपाय काढला तो असा: पावत्या येईनाशा झाल्या की प्रत्येकाने आपणहून हात आखडता घ्यावा. हा संकेत पाळला जावा म्हणून वाटेत कुणी पोलीस उभा नाही, तरी तो जगभर बव्हंशी पाळला जातो. दादरच्या जिन्यावर सकाळी नऊ वाजता मला हे जेकबसनसाहेब नेहमी आठवतात.

पण हाच भाबडेपणा टपालाच्या बाबतीत भोवला. ई-मेलचा संकेत, एसएमटीपी, हा १९८२ सालचा. पाठवणारा संगणक पलीकडच्याला खरोखरच 'हेलो' म्हणतो (चारच अक्षरी, एक 'एल' गाळून), मग हे पत्र अमक्याकडून, हे तमक्याला, असे सांगतो, आणि पलीकडचा २५० हा आकडा कळवतो. म्हणजे 'ठीक'. अमक्याकडून म्हणजे कोणाकडून, हे सांगणाऱ्यानेच सांगायचे! कागदाच्या डोक्यावर हवे ते नाव छापून पत्र पेटीत टाकावे, तसे. पुढे ह्यावर तपासणीचे शिक्के बसवण्यात आले आणि मोठ्या टपाल-कंपन्या आता ते मागतात. तरी मूळ घडी तीच.

आमच्या शेजारचे नाना निवृत्त शिक्षक. बँकेच्या नावाने त्यांना पत्र आले, 'आपले खाते आज रात्री बंद होईल.' खाली निळी ओळ. नानांनी ती दाबली, पान उघडले, तिथे खात्याचा क्रमांक, संकेतशब्द आणि मोबाइलवर आलेले आकडे भरले. ऐंशी हजार रुपये गेले. मुलीने लगोलग १९३० ह्या सरकारी क्रमांकावर तक्रार केली म्हणून काही रक्कम वाटेतच अडकली. उरलेली गेली ती गेली. नाना मला कळवळून म्हणाले, "अहो, पण तिथं कुलूप होतं ना!"

कुलूप होते, हे खरेच. १९९० नंतरच्या दशकात साध्या एचटीटीपीला गुप्त लिपीचे कवच चढवून एचटीटीपीएस तयार झाले, त्याची ती खूण. तुमचे बोलणे वाटेत कुणी ऐकणार नाही आणि पत्त्यात जे नाव लिहिले आहे त्याच्याशीच ते चालले आहे, एवढीच हमी ते कुलूप देते. त्या नावाचा मालक सज्जन की भामटा, हे ते सांगत नाही. भामट्यालाही कुलूप मिळते, आणि आता फुकट. लोकांचा हा गैरसमज पाहून गूगलने २०२३ साली आपल्या क्रोममधून ते चित्रच काढून टाकले.

तेव्हा पाहायचे ते नाव. नावावरून आकडी पत्ता शोधून देणारी व्यवस्था, डीएनएस, पॉल मोकापेट्रिस ह्यांनी १९८३ साली योजली. त्याआधी सगळ्या जाळ्याची नावनिशी स्टॅनफर्डच्या त्याच संस्थेतील एका यादीत मावत असे! ह्या व्यवस्थेत मालकी उजवीकडून डावीकडे उतरते. डावीकडचा शब्द मालकाच्या मर्जीचा. तिथे तो तुमच्या बँकेचे नाव खुशाल लिहील. खरे कूळ कळते ते पहिल्या तिरप्या रेघेच्या लगेच आधीच्या शब्दांवरून. रिझर्व्ह बँकेने २०२५ साली आपल्या बँकांना 'बँक डॉट इन' असा शेवट असलेली नावे घ्यायला लावली, ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत घालून. हा शेवट बँकेवाचून इतर कुणाला मिळत नाही; नोंदणीचे काम हैदराबादच्या आयडीआरबीटी ह्या संस्थेकडे आहे.

नानांना हे मी कागदावर काढून दाखवले. आता ते पत्ता उर्दू वर्तमानपत्रासारखा उजवीकडून वाचतात, आणि तोही मोठ्याने; भिंतीपलीकडून आम्हांला ऐकू येतो.