कुळाची प्रतिष्ठा आणि कन्येचें आयुष्य

पनवेलहून रत्नागिरीस व्यापारानिमित्त जाणारे आमचे पुष्कळ वाचक तेथील थिबा राजवाडा पाहून येतात. १९१० सालीं हा वाडा पुरा झाला, तेव्हां राजाच्या थोरल्या कन्येस तीस वर्षें झालीं होतीं व ती अविवाहित होती. वाड्याची प्रशंसा सर्वच करितात. त्या कन्येच्या आयुष्याचा जाब कोणी विचारीत नाहीं. तो आज विचारणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

१८८५ च्या नोव्हेंबरांत इंग्रजांनीं ब्रह्मदेशच्या थिबा राजास मंडाले येथें पदच्युत केलें आणि पुढील वर्षीं सहकुटुंब रत्नागिरीस आणून नजरकैदेंत ठेविलें. आमच्या शेजारच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांस याच सत्तेनें एडनला धाडिलें होतें व १८८३ सालीं ते तेथेंच वारले. फडक्यांवर निदान खटला तरी चालला. या पांच वर्षांच्या मुलीवर ना आरोप, ना खटला, ना शिक्षेची मुदत! तरी तिचें बाळपण व तारुण्य पहाऱ्यांत गेलें.

परंतु सर्व दोष परकी सरकारच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. राजकन्येस राजवंशांतीलच वर पाहिजे, ही त्या घराण्याची रूढि. खुद्द राणी सुपायालत ही थिबाची सावत्र बहीण होती. पण असे वर उरले होते किती? थिबा गादीवर आल्यावर १८७९ सालीं त्याच्याच आप्तांतील कित्येक राजपुत्रांची कत्तल झाली होती. बापाच्या सिंहासनासाठीं सांडलेल्या रक्ताचें ऋण मुलीनें फेडावें, असा हा हिशेब!

अखेर तिनें घरच्या एका मराठी नोकराशीं संबंध जोडला व १९०६ सालीं तिला कन्या झाली. तो नोकर विवाहित होता. त्याच्या पत्नीवरहि यांत अन्याय झाला, हें आम्ही झांकूं इच्छीत नाहीं. १९१६ सालीं राजा वारला, १९१९ सालीं राणी मुलींसह स्वदेशीं परतली. पण थोरली कन्या पुन्हां रत्नागिरीस आली व १९४७ सालीं तेथेंच निवर्तली. तिची मुलगी मराठी बोलत रत्नागिरींतच गरिबींत जगली. राजकन्येस नांवें ठेवणारे पुष्कळ निघाले. तिच्यापुढें दुसरा मार्ग कोणी मोकळा ठेविला होता, हें मात्र त्यांनीं विचारलें नाहीं.

कायद्याच्या दृष्टीनें पालक हा पाल्याच्या मालमत्तेचा विश्वस्त असतो, धनी नव्हे. त्यास पैन् पैचा हिशेब द्यावा लागतो. मग मुलीच्या आयुष्याचा हिशेब कां नको? १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानें जातिधर्म न पाहतां विवाह करण्याची मुभा दिली. कायद्यानें दार उघडलें. उंबरठ्यावर कुळाचा, पोटजातीचा व देण्याघेण्याचा पहारा अजून बसलेलाच आहे. थिबाचा वाडा पाहून परतणाऱ्या गृहस्थांनीं आपल्याहि घरांत तसलाच एखादा लहानसा राजवाडा नाहीं ना, हें एकदां पाहावें.