परातीतले पाणी आणि आपले लक्ष

न्यू जर्सीच्या हिवाळ्यात दीड-दोन वर्षांच्या मुलाला घरात रमवायचे कसे, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना पडतो. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. तरी या कामी मला स्वयंपाकघरातली परातच उत्तम वाटते. शिवाय खर्च काहीच नाही.

जमिनीवर जुना टॉवेल अंथरून परातीत इंचभर कोमट पाणी घ्यावे. सोबत वाटी, गाळणी आणि मोठा स्पंज द्यावा. ओतताना हात व डोळे यांचा मेळ बसतो, स्पंज पिळताना बोटांत ताकद येते. लाकडी चमचा तरंगतो, स्टीलचा बुडतो, हे मूल स्वतःच शोधते. 'ओत', 'भर', 'पीळ' हे मराठी शब्दही सहज रुजतात.

मात्र मूल सतत हाताच्या अंतरावर हवे. या वयात डोके शरीराच्या मानाने जड असते. तोंडावर पडलेले मूल इंच-दोन इंच पाण्यातही आवाज न होता बुडू शकते. फोन वाजला तर मुलाला उचलूनच जावे. खेळ संपताच परात रिकामी करावी. पाण्यात फुगणारे रंगीत मणी मात्र घरात आणूच नयेत. गिळल्यास ते पोटात फुगून आतड्यात अडकतात.