मासिकात छापून आलेला संगणक

१९८०च्या दशकात युगोस्लाव्हिया, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि सोव्हिएत संघ या देशांत संगणक घरोघरी पोहोचला तो दुकानांच्या वाटेने कमी आणि मासिकांच्या वाटेने जास्त. पश्चिमेकडच्या संगणक मासिकाचे काम तुलनेने सोपे होते. कोणते यंत्र घ्यावे हे गिऱ्हाइकाला सांगायचे आणि जाहिरातींवर पोट भरायचे. पूर्वेकडच्या संपादकांपुढे पेच वेगळाच होता. वाचक तयार होता, पण त्याला घेता येईल असे यंत्र बाजारात नव्हते. मग मासिकानेच आराखडा छापला, सुट्या भागांची सोय लावली, प्रोग्राम पुरवले आणि ते चालवायचे कसे हेही शिकवले.

हे सगळे चोरीछुपे चालले असेल असे वाटू शकते, पण तसे नव्हते. ही मासिके सरकारी छापखान्यांत छापली जात. त्यांच्या मागे कम्युनिस्ट पक्षाच्या युवक संघटना, मंत्रालये किंवा लष्कराशी जोडलेल्या हौशी मंडळांचे पाठबळ असे. फोटोकॉपीच्या यंत्राला कुलूप घालणाऱ्या राजवटींना संगणक मात्र हवा होता, कारण ‘वैज्ञानिक-तांत्रिक क्रांती’ हा पक्षाच्याच भाषणांतला शब्द होता. सोव्हिएत संगणकतज्ज्ञ आंद्रेई येर्शोव यांनी १९८१ साली प्रोग्रामिंगला ‘दुसरी साक्षरता’ म्हटले आणि सप्टेंबर १९८५ पासून सोव्हिएत शाळांत माहितीशास्त्र हा विषय सुरूही झाला. बहुतेक शाळांत संगणकाचा पत्ता नव्हता. मुले वहीत प्रोग्राम लिहीत आणि फळ्यावर पायरीपायरीने सोडवून उत्तर काढत.

टंचाईची कारणे दोन्हीकडची होती. अमेरिका आणि तिच्या मित्रराष्ट्रांची ‘कोकॉम’ ही समिती प्रगत तंत्रज्ञान कम्युनिस्ट देशांना विकू देत नसे. आठ बिटांच्या छोट्या संगणकांवरचे निर्बंध दशकाच्या मध्याला सैल झाले, पण ते विकत घ्यायला परकीय चलन कुठून आणायचे? दुसरीकडे, नियोजित अर्थव्यवस्थेत चिप तयार होत होत्या. पूर्व जर्मनीत झेड ८० या प्रोसेसरची नक्कल निघत होती, सोव्हिएत संघात इंटेल ८०८०ची. या चिप कारखान्यांना आणि संरक्षण खात्याला जात. घरात ठेवण्याचा संगणक हा माल कोणत्याही मंत्रालयाच्या योजनेत बसत नव्हता. मॉस्कोतल्या एका तंत्रशिक्षण संस्थेत छोटा संगणक जुळवणाऱ्या तरुण अभियंत्यांपैकी सर्गेई पोपोव यांनी पुढे सांगितलेली एक आठवण प्रसिद्ध आहे. ते यंत्र घेऊन एका उपमंत्र्यांना भेटले, तेव्हा त्यांना ऐकवण्यात आले की खासगी मोटार असू शकते, खासगी बंगला असू शकतो, खासगी संगणक असूच शकत नाही. संगणक म्हणजे १०० चौरस मीटर जागा, २५ माणसे आणि दरमहा ३० लिटर अल्कोहोल. अल्कोहोल अर्थात यंत्र पुसण्यासाठी, निदान कागदोपत्री तरी.

युगोस्लाव्हियाची गोष्ट थोडी निराळी. तो देश सोव्हिएत गटात नव्हता आणि तिथल्या नागरिकाला पासपोर्ट घेऊन ट्रिएस्टला किंवा म्युनिकला जाता येत असे. अडवणूक घरचीच होती. कर्जाच्या ओझ्याखाली चलन वाचवण्यासाठी सरकारने ५० जर्मन मार्कांपेक्षा महाग वस्तू बाहेरून आणायला बंदी घातली होती. सिंक्लेअर स्पेक्ट्रम या छोट्या संगणकाची किंमत त्याच्या कितीतरी पट. लोक तो लपवून आणत, नाहीतर सुटा करून वेगवेगळ्या खेपांत. या अडचणीतूनच एक वाट निघाली.

१९८३च्या उन्हाळ्यात व्होया आंतोनिच हे बेलग्रेडचे इलेक्ट्रॉनिक्स अभियंते मॉन्टेनेग्रोत रिसान गावी समुद्रकाठच्या हॉटेलात सुटीवर होते. सोबत वाचायला एका अमेरिकन प्रोसेसरची तांत्रिक पुस्तिका. ती चाळताना त्यांच्या डोक्यात एक युक्ती आली. त्या वेळच्या संगणकात टीव्हीवर चित्र उमटवण्यासाठी स्वतंत्र चिप लागे. ती महाग, आणि युगोस्लाव्हियात मिळणे कठीण. आंतोनिच यांनी ठरवले की ते काम झेड ८० प्रोसेसरच करील. पडद्यावरची प्रत्येक रेघ तोच काढील आणि रेघा काढून उरलेल्या वेळात हिशेब करील. यंत्र मंदावले, पण स्वस्त झाले आणि हौशी माणसाला घरी जुळवता येण्याइतके साधे झाले. सर्किट बोर्डही त्यांनी मुद्दाम एकाच बाजूला तांब्याच्या रेघा असलेला ठेवला, कारण दोन्ही बाजूंचा बोर्ड घरी तयार करणे फार अवघड. जिथे रेघ रेघेला आडवी जायची तिथे वरून तारेचा तुकडा सोल्डर करायचा. बोर्डावर असे तुकडे बरेच होते.

बेसिक भाषा त्यांनी अवघ्या ४ किलोबाइटमध्ये बसवली. आकड्यांसाठी चल म्हणून ए ते झेड ही अक्षरे आणि मजकुरासाठी फक्त दोन चल, एक्स आणि वाय. चूक झाली तर यंत्र तीनच शब्द बोले. आज्ञाच समजली नाही तर ‘व्हॉट?’, समजली पण करता येत नाही तर ‘हाऊ?’, आणि मेमरी संपली की ‘सॉरी’. चुकांचे लांबलचक संदेश साठवायला जागा कुणाकडे होती! पडद्यावर ३२ अक्षरांच्या १६ ओळी मावत. प्रोग्राम साठवायला साधा कॅसेट टेपरेकॉर्डर.

आराखडा तयार झाला, पण छापणार कोण? ‘गालाक्सिया’ हे बेलग्रेडचे लोकप्रिय विज्ञान मासिक. त्याचे संपादक योवा रेगासेक आणि तरुण लेखक देयान रिस्तानोविच हे संगणकावर एक विशेषांक काढण्याच्या तयारीतच होते. ‘तुमच्या घरातले संगणक’ या अर्थाच्या नावाचा तो अंक डिसेंबर १९८३च्या अखेरीस बाजारात आला. त्यातला बहुतेक मजकूर रिस्तानोविच यांचा, आणि सोबत आंतोनिच यांच्या यंत्राचा संपूर्ण आराखडा. यंत्रालाही मासिकाचेच नाव मिळाले. शंभर-दोनशे, फार तर काहीशे लोक ते जुळवतील असा सगळ्यांचा अंदाज होता. पहिल्या ३०,००० प्रती संपल्या, पुन्हा छाप, पुन्हा छाप असे करत आकडा १,००,०००वर गेला. ८,०००हून अधिक वाचकांनी हा संगणक जुळवला.

वाचक करत काय, हे जवळून पाहण्यासारखे आहे. अंकात चिप, कळा आणि बोर्ड कुठून मागवायचे याचे पत्ते होते. काही भाग टपालाने येत, परदेशातली चिप एखादा नातलग पाकिटातून धाडी. भाग आले तरी एक अडचण उरे. बेसिक भाषा आणि अक्षरांच्या आकृत्या ज्या चिपमध्ये असत त्या कोऱ्या मिळत, आणि त्या भरायचे यंत्र सामान्य माणसाकडे नसे. मग वाचक कोऱ्या चिप टपालाने बेलग्रेडला पाठवत, आंतोनिच त्या भरत आणि त्या परत जात. यासाठी त्यांनी पैसे घेतले नाहीत. पेटी कशी असावी हे अंकाने वाचकावर सोडले. त्यामुळे लाकडाच्या, पत्र्याच्या, प्लास्टिकच्या, जशा जमतील तशा पेट्यांतले गालाक्सिया घरोघर दिसू लागले. नंतर शाळांसाठी कारखान्यातला नमुनाही निघाला. मूळ आराखडा मात्र कुणाच्याही मालकीचा नव्हता.

प्रोग्राम पोचवायला मासिक अपुरे पडले तिथे रेडिओ धावून आला. त्या काळी प्रोग्राम कॅसेटवर आवाजाच्या रूपात साठवला जाई. कर्कश, किरकिरणारा असा तो आवाज कॅसेटवर भरता येतो, तर हवेतून का पाठवता येऊ नये? रेगासेक यांनी रेडिओ बेलग्रेडच्या २०२ या केंद्रावरचे लोकप्रिय निवेदक झोरान मोडली यांना गाठले. मोडली हे पेशाने विमानचालकही होते. त्यांच्या ‘व्हेंटिलेटर २०२’ या संगीताच्या कार्यक्रमात मोडली आधी सूचना देत, मग टेपरेकॉर्डरची कळ दाबायला सांगत, आणि त्यानंतर सलग किरकिर सुरू होई. ती टेप संगणकाला जोडली की गणिताचा प्रोग्राम किंवा खेळ चालू होई. मधेच खरखर झाली तर सगळे वाया. संगीत ऐकायला बसलेल्या बाकीच्या श्रोत्यांचे काय होत असेल याचा विचार न केलेलाच बरा.

विशेषांकाचे यश पाहून १९८४मध्ये त्यातून ‘राचुनारी’ हे मासिकच सुरू झाले. त्याच वर्षी ल्युब्लियानाहून ‘मोय मिक्रो’ आणि बेलग्रेडहून ‘स्वेत कोम्प्युतेरा’ निघाले. एका वर्षात एवढ्या मासिकांची रांग लागली ती अशा देशात, जिथे संगणक आणणे कायद्याने जवळजवळ अशक्य होते. बंदी हळूहळू सैल करण्याशिवाय सरकारलाही पर्याय उरला नाही.

पोलंडमध्ये ‘बायतेक’ सप्टेंबर १९८५ला निघाले, तेही युवक संघटनेच्या ‘श्तांदार म्वोदिख’ या दैनिकाची पुरवणी म्हणून. लष्करी कायदा उठून दोनच वर्षे झाली होती. तरुण मंडळी राजवटीवर रुसलेली होती, आणि संगणकाचे रंगीत मासिक हा त्यांच्याशी संवाद साधायचा त्यातल्या त्यात निरुपद्रवी मार्ग होता. संपादक व्हाल्देमार शिविन्स्की यांनी वाचकांची यंत्रांनुसार कुळे पाडली. अटारी कूळ, कमोडोर कूळ, स्पेक्ट्रम कूळ. प्रत्येकाला वेगळी पाने, आणि कुळाकुळांतले भांडण पत्रव्यवहारात रंगे. देशी यंत्रेही होती, पण थोडी. खरी यंत्रे ‘पेवेक्स’ दुकानांत मिळत. ही दुकाने सरकारचीच, पण तिथे झ्लोटी चालत नसत, डॉलर लागत. तिथे अटारी विक्रीला आला तो लुत्सियान व्हेंत्सेल या कॅलिफोर्नियातल्या पोलिश उद्योजकाच्या खटपटीमुळे. एका यंत्रासाठी कुटुंबाचे कित्येक महिन्यांचे पगार जात, किंवा शिकागोतला काका कामी येई.

यंत्र आले तरी सॉफ्टवेअर विकणारे अधिकृत दुकान नव्हते. वॉर्सामध्ये शनिवार-रविवारी संगणकाचा बाजार भरे. टेबलावर टेपरेकॉर्डर मांडून बसलेले विक्रेते कॅसेटवर खेळ उतरवून देत. पोलंडचा लेखनहक्काचा कायदा १९५२चा. त्यात संगणकाच्या प्रोग्रामचा उल्लेख असणार कुठून? त्यामुळे हा धंदा कोणालाच चोरी वाटला नाही. अशा खेळासोबत माहितीपुस्तिका नसे, म्हणून ‘बायतेक’ ती उणीव भरून काढी. खेळांचे नकाशे, कळांचे अर्थ, अडलेल्या टप्प्यातून सुटायची युक्ती, असे सगळे त्यात छापून येई.

सोव्हिएत संघात तर संगणकाच्या आधीच एक विलक्षण हौस उभी राहिली होती. १९८०मध्ये निघालेला ‘इलेक्ट्रोनिका बी३-३४’ हा प्रोग्राम करता येणारा कॅल्क्युलेटर ८५ रूबलला मिळे, म्हणजे सरासरी महिन्याच्या पगाराच्या निम्म्याहून कमी पैशांत. प्रोग्रामसाठी ९८ पायऱ्या, आकडे ठेवायला १४ कप्पे, पडद्यावर आकड्यांची एकच ओळ. एवढ्यावर लोकांनी खेळ लिहिले. ‘तेख्निका मोलोद्योझी’ या तरुणांच्या विज्ञान मासिकात १९८५पासून मिखाईल पुखोव यांची विज्ञानकथा क्रमशः येऊ लागली. तिच्यातली माणसे ‘कोन-टिकी’ नावाच्या छोट्या यानातून चंद्रावरून पृथ्वीकडे निघतात. प्रत्येक भागासोबत कॅल्क्युलेटरचा प्रोग्राम असे. वाचकाने इंधन, वेळ आणि कोन यांचे आकडे भरायचे, कळ दाबायची आणि उंची, वेग काय येतो ते पाहायचे. आकडे चुकले की यान आदळले. कथा पुढे वाचता येई, पण स्वतः यान उतरवल्याशिवाय खरा वाचक पान उलटत नसे.

याच मंडळींनी कॅल्क्युलेटरचे गुपितही शोधून काढले. अशक्य गणित दिले की पडद्यावर ‘एरर’ हा शब्द उमटे, पण आकड्यांच्या पट्ट्यांतून तो रशियन अक्षरांत ‘येग्गोग’ असा दिसे. काही विशिष्ट कळा दाबल्या तर या चुकांच्या आत कारखान्याच्या पुस्तिकेत नसलेल्या करामती दडलेल्या सापडत. त्यांचा रीतसर अभ्यास सुरू झाला आणि वाचक आपापले शोध मासिकाला कळवू लागले.

उपमंत्र्यांनी परत पाठवलेले अभियंते गप्प बसले नव्हते. गेन्नादी झेलेंको, व्हिक्टर पानोव आणि सर्गेई पोपोव यांनी ‘मिक्रो-८०’ या संगणकाचा आराखडा १९८२-८३मध्ये ‘रादियो’ मासिकात छापला. हे मासिक दळणवळण मंत्रालय आणि लष्करपूरक हौशी संघटना ‘दोसाफ’ यांचे मुखपत्र, खप दहा लाखांच्या वर. त्या यंत्राला सुमारे २०० चिप लागत, म्हणून ते फार थोड्यांना जमले. १९८६चा ‘रादियो-८६आरके’ मात्र २९ चिपमध्ये बसला आणि तो हजारोंनी जुळवला. भाग मिळत ते बाजारात, ओळखीने, किंवा कारखान्याच्या मागच्या दाराने. प्रोग्राम म्हणून मासिकात षोडशमान (हेक्साडेसिमल) आकड्यांचे रकानेच्या रकाने येत आणि ते हाताने टंकित करावे लागत. प्रत्येक तुकड्याची पडताळणी-बेरीज दिलेली असे, ती जुळली नाही तर पुन्हा पहिल्यापासून. लोकांनी घरी जुळवलेल्या या आराखड्यावरून ‘मिक्रोशा’ यांसारखी यंत्रे मग सरकारी कारखान्यांनीच काढली.

चेकोस्लोव्हाकियात मोठ्या खपाचे स्वतंत्र संगणक मासिक उभे राहिले नाही. तिथे लष्कराशी जोडलेल्या ‘स्वाझार्म’ या संघटनेची मंडळे होती आणि त्यांची पत्रके. रेडिओ-हौशी आणि संगणकवेडे यांना जागा, वीज आणि वर्गणीतून घेतलेली यंत्रे मिळत. त्या मोबदल्यात संघटनेला अहवालात सभासदसंख्या दाखवता येई. देखरेख सैल होती. तिथल्या मुलांनी मजकुरावर चालणारे साहसखेळ बरेच लिहिले, कारण त्यांना चित्रे लागत नाहीत आणि थोड्या मेमरीत भागते. सोव्हिएत आक्रमणाच्या निषेधार्थ स्वतःला जाळून घेणारा विद्यार्थी यान पालाख याच्या मृत्यूला २० वर्षे झाल्यानिमित्त जानेवारी १९८९मध्ये प्रागच्या वेन्सेस्लास चौकात जमलेल्या लोकांवर पोलिसांनी लाठ्या आणि पाण्याचे फवारे चालवले. त्यावर लगेच एक निनावी खेळ फिरू लागला. त्यात इंडियाना जोन्स त्याच चौकात सापडतो आणि पोलिसांच्या तावडीतून त्याला अमेरिकेला परतायचे असते. कॅसेटवरून कॅसेटवर तो पसरत गेला. सेन्सॉरला वर्तमानपत्रे वाचायची सवय होती, कॅसेट ऐकायची नाही.

१९८९नंतर सीमा उघडल्या आणि तैवानमधले स्वस्त पीसी आले. टंचाई संपली तशी आराखड्यांची आणि प्रोग्रामच्या रकान्यांची गरजही संपली, आणि मासिकांची पाने दुकानांच्या दरपत्रकांनी भरू लागली. युगोस्लाव्हिया फुटला, १९९२मध्ये सर्बियावर निर्बंध आले आणि तिथल्या मासिकांपुढे कागदाचाच प्रश्न उभा राहिला. पोलंडने १९९४मध्ये प्रोग्रामना संरक्षण देणारा नवा लेखनहक्क कायदा केला आणि त्यानंतर बाजारातला नकलांचा उघड धंदा आटत गेला. ‘बायतेक’मधल्या खेळांच्या सदरातून १९९०मध्ये ‘टॉप सीक्रेट’ हे वेगळे मासिक निघाले होते. मूळ ‘बायतेक’ १९९६मध्ये बंद पडले.