मीठ, साखर आणि पेशीपटल

ओआरएसच्या पुडीवर बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात. लिटरभर पाण्यासाठी साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड, २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट. त्यातली साखर अंगात ताकद यावी म्हणून घातलेली आहे, असं पुष्कळांना वाटतं. तिचं खरं काम वेगळंच आहे. आतड्याच्या पेशींच्या आवरणात एक प्रथिन असतं. ग्लुकोज सोबत असेल तरच ते सोडियम आत घेतं, आणि सोडियम आत गेलं की त्याच्यामागून पाणी जातं. जुलाबाने सुकत चाललेल्या मुलाचा जीव या एका प्रथिनावर तरतो.

हे आवरण म्हणजे पेशीपटल. त्याची जाडी पाच ते आठ नॅनोमीटर. दहा हजार पटलं एकावर एक रचली तरी केसाएवढी जाडी जेमतेम भरेल. त्याचा मुख्य माल म्हणजे फॉस्फोलिपिड. या रेणूचं डोकं पाण्याला जवळ करतं आणि दोन्ही शेपट्या पाणी टाळतात. असे रेणू पाण्यात पडले की शेपट्या आत आणि डोकी बाहेर अशी दुपदरी मांडणी आपोआप होते. ती करायला कुणी कारागीर लागत नाही, याचं मला अजूनही नवल वाटतं.

हे दोन पदर मोजले गेले त्याची सुरुवात एका स्वयंपाकघरात झाली. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमध्ये आग्नेस पॉकेल्स ही तरुणी घरकाम सांभाळून पाण्यावर पसरणाऱ्या तेलकट थरांचा अभ्यास करत होती. विद्यापीठाचं दार तिला बंद होतं. पत्र्याच्या उथळ पाळ्यात पाणी भरायचं आणि त्यावरचा थर पट्टीने पुढे सारत दाबायचा, ही युक्ती तिची. तिने ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रेली यांना पत्र लिहून हे कळवलं आणि त्यांच्या शिफारशीमुळे ते १८९१ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आलं. त्याच धर्तीच्या, अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लँगम्युरने सुधारलेल्या पाळ्यावर १९२५ मध्ये लायडनच्या गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींतून काढलेली चरबी पसरली. पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा तिने व्यापली, म्हणजे थर दुहेरी. त्यांच्या मोजणीत दोन चुका होत्या. ॲसिटोनने सगळी चरबी निघाली नव्हती, आणि पेशींचं क्षेत्रफळही त्यांनी कमी धरलं होतं. दोन्ही चुकांनी एकमेकींना खोडून काढलं आणि उत्तर बरोबर आलं.

पण नुसत्या चरबीच्या पडद्यावर पेशी जगली नसती. १९७२ मध्ये सिंगर आणि निकल्सन यांनी जे चित्र मांडलं, त्यात या पातळ, वाहत्या थरात प्रथिनं तरंगत असतात. हा थर खरोखर वाहतो हे फ्राय आणि एडिडिन यांनी १९७० मध्येच दाखवलं होतं. माणसाची आणि उंदराची पेशी एकमेकींत मिसळवली, तेव्हा शरीराच्या तापमानाला साधारण चाळीस मिनिटांत दोघींची प्रथिनं सगळीकडे कालवली गेली.

ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, अल्कोहोल या थरातून सहज पार होतात. सोडियम किंवा पोटॅशियमचा आयन मात्र पाण्याचे रेणू भोवती लपेटून असतो. ते झटकून चरबीत शिरणं त्याला परवडत नाही. पाणी स्वतः थोडंफार झिरपतं, पण तांबड्या पेशी किंवा मूत्रपिंडाच्या नलिका ज्या वेगाने पाणी घेतात तो वेग त्या झिरपण्यात बसत नव्हता. बाल्टिमोरमध्ये पीटर ॲग्री रक्तगटाच्या आरएच प्रथिनाचा शोध घेत असताना त्यांना एक भलतंच प्रथिन वारंवार सापडू लागलं. त्याचं काम काय, याची परीक्षा बेडकाच्या अंड्यावर झाली. बेडकाचं अंडं तळ्याच्या गोड्या पाण्यात खुशाल पडून राहतं, कारण त्याच्या पटलातून पाणी फारसं आत जातच नाही. त्या अंड्याकडून हे नवं प्रथिन बनवून घेतलं आणि अंडं पातळ द्रावणात सोडलं. काही मिनिटांत ते फुगलं आणि फुटलं. १९९२ मध्ये हे प्रसिद्ध झालं, २००३ मध्ये ॲग्री यांना नोबेल मिळालं. ॲक्वापोरिन नावाच्या या प्रथिनाच्या एका मार्गातून सेकंदाला तीनेक अब्ज पाण्याचे रेणू एकेरी रांगेत जातात, पण एकही प्रोटॉन त्यांच्याबरोबर निसटत नाही. निवड इतकी कडक आणि वेग एवढा, हे दोन्ही एकाच ठिकाणी जमवणं मला या सगळ्या यंत्रणेतलं सर्वांत देखणं काम वाटतं.

ही सगळी वाहतूक उताराच्या दिशेने, जास्तीकडून कमीकडे. तो उतार टिकवायचा तर कुणाला तरी उलट दिशेने राबावं लागतं. डेन्मार्कच्या ऑर्‌हूसमध्ये येन्स स्कौ हे डॉक्टर भूल देणाऱ्या औषधांचा अभ्यास करत होते. खेकड्याच्या पायातल्या मज्जातंतूंवर काम करताना १९५७ मध्ये त्यांना सोडियम-पोटॅशियम पंपाचा माग लागला. एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्चून हा पंप तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. आपण स्वस्थ पडलेलो असतानाही शरीराच्या ऊर्जेतला मोठा वाटा यातच जातो.

आतड्यातलं ते प्रथिन या पंपाच्या कमाईवर जगतं. पंपाने पेशीतलं सोडियम उपसून ठेवलेलं असतं, म्हणून बाहेरचं सोडियम आत यायला उत्सुक असतं. ते येताना ग्लुकोजला बरोबर ओढतं. दोन सोडियममागे एक ग्लुकोज. रॉबर्ट क्रेन यांनी ही कल्पना १९६० मध्ये प्रागला मांडली. कॉलऱ्याचं विष क्लोराईड आतड्यात ओतायला लावतं, त्यामागून सोडियम आणि पाणी वाहून जातं. पण ही जोडवाहतूक ते मोडत नाही. ढाक्यातल्या रुग्णांवर १९६८ मध्ये तिचा उपयोग सिद्ध झाला होता.

मग १९७१ साल आलं. बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांनी पश्चिम बंगालमधलं बनगाव भरून गेलं, कॉलरा पसरला, सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असं मिश्रण करून ते रुग्णांना तोंडाने पाजायला नातेवाइकांच्या हाती दिलं. सुमारे तीस टक्क्यांवर गेलेलं मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं. माझ्या मते हा सन्मान फार उशिरा आला.

घरी हे पेय करायचं तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. गोड लागावं म्हणून साखर वाढवली तर मात्र उलटं होतं. न शोषलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात.

आतड्यातल्या त्या प्रथिनाच्याच कुळातलं दुसरं प्रथिन मूत्रपिंडात आहे. रोज गाळलं जाणारं जवळजवळ १८० ग्रॅम ग्लुकोज रक्तात परत आणण्याचा मोठा भार त्याच्यावर असतो. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ मध्ये निघालेलं फ्लोरिझिन ही वाहतूक अडवतं. त्याच्यावरून घडवलेल्या ग्लिफ्लोझिन गोळ्या आज मधुमेहाचे असंख्य रुग्ण घेतात. मूत्रपिंडातलं ते प्रथिन अडलं की साखर लघवीवाटे निघून जाते आणि आपल्यामागे पाणीही नेते. म्हणून ही गोळी चालू असताना उलट्या-जुलाब लागले, तर ती थांबवायची का, हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारायला हवं.